मशीनची बडबड

बिराजदार मॅडमना खुर्चीला पाठ टेकून बसलेलं मी एकदाही पाहिलं नाही. बसल्याच तर काठावर, एक पाय दाराकडं. बाहेर एसटी उभी आहे आणि आता सुटणार, असा तो पाय. चहा आला की दोन घोट घ्यायच्या, कप ठेवून उठायच्या, एक फेरी मारायच्या आणि परत येऊन भलत्याच टेबलावरचा कप तोंडाला लावायच्या. तो कुणाचा, हे त्यांच्या गावीही नसायचं. ज्याचा असायचा तो मुकाट्यानं दुसरा मागवायचा.

साडी सुती, पदर कमरेला खोचलेला, आणि पायांत पोरं घालतात तसले खेळाचे बूट. उमरग्यात तेव्हा साडीवर बूट घालणारी बाई दुसरी नव्हती. बाजारात बायका वळून बघायच्या. "चप्पल मागं राहते," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण.

मी त्यांच्या हाताखाली शिकले ते एकच वर्ष. तंत्रनिकेतनात त्या तासिकेवर सी ही कॉम्प्युटरची भाषा शिकवायच्या. तासिकेवर म्हणजे दर वर्षी नवा कागद, दर वर्षी नवी सही, आणि पुढच्या जूनमध्ये आपण असू की नसू याचा पत्ता नाही. शिकवायच्या मात्र बाकांच्या मधून फिरत. फळ्यावर अर्धी ओळ लिहायची, मागच्या बाकापर्यंत जायचं आणि उरलेली अर्धी तिथून सांगायची. आमच्या माना दुखायच्या.

समोरच्याचं वाक्य त्या पुरं होऊ द्यायच्या नाहीत. हा त्यांचा दोष होता आणि तो त्यांना माहीत होता. आपण सांगायला लागावं, की मॅडम, काल घरी गेले तर लाईट नव्हती, मग मामा आले, की त्यांचा हात वर व्हायचा. "पुढं." चार शब्दांत मुद्दा आला नाही तर मॅडम निघालेल्या असायच्या आणि आपण भिंतीला उरलेलं सांगत असायचो.

ओळ कापायचा धडा मला अजून पाठ आहे. सीमध्ये अक्षरांच्या ओळीला स्ट्रिंग म्हणतात. स्वल्पविराम दिसेल तिथं तिचे तुकडे करून देणारं एक तयार फंक्शन असतं, आणि त्या तुकड्यांना टोकन म्हणायचं. मॅडमनी एक ओळ दिली: उमरगा, स्वल्पविराम, लगेच पुन्हा स्वल्पविराम, मग कळंब. प्रोग्राम चालवला, दोन टोकन आले. वर्ग खूश. मॅडम म्हणाल्या, दोन स्वल्पविरामांच्या मधे एक जागा होती, ती कुठं गेली? कुणीतरी म्हणालं, ती रिकामीच होती की.

"रिकामी एसटी उमरग्याहून कळंबला गेली, तर ती गेली म्हणायची का न्हाय?"

त्या फंक्शनला रिकामी जागा दिसतच नाही, ती गिळून ते पुढं सरकतं, हे त्या दिवशी आमच्या डोक्यात बसलं.

दुसरी गोष्ट त्यांनी आणखी पक्की बसवली. हेच फंक्शन मूळ ओळीची वाट लावतं. स्वल्पविराम पुसून तिथं 'इथं संपलं' अशी खूण मारून ठेवतं, त्यामुळं नंतर ती ओळ छापायला गेलं तर पहिला तुकडाच हाती येतो. वर्गातल्या विलासला यात काही वावगं वाटेना. तुकडे मिळाले ना, मग मूळ ओळ हवी कशाला, असं त्याचं म्हणणं. मॅडमनी त्याचा एसटीचा पास मागून घेतला, ऑफिसातून कात्री मागवली आणि दोन्ही त्याच्या हातात दिलं. तुझं नाव तेवढं मला हवंय, कापून दे, म्हणाल्या. विलास कात्री धरून नुसताच उभा राहिला. संध्याकाळी त्याच पासावर त्याला गावी, मुरूमला, जायचं होतं.

"जमत न्हाय ना? मग झेरॉक्स आण. नक्कल काप. मुळाला हात लावायचा न्हाय."

आणि त्याला त्यांनी खरंच पाठवलं. तास संपला तरी तो परतला नव्हता, कारण झेरॉक्सवाल्याकडं लाईट गेली होती.

त्यांच्या घरी मी दोनदा गेले. आई आणि त्या, दोघीच. आई कानडी बोलायच्या, मॅडम मराठीत उत्तर द्यायच्या. भांडताना मात्र दोन्ही भाषांची मिसळ व्हायची. आईंचं एकच पालुपद होतं, "कुंद्रु, महानंदा, कुंद्रु." म्हणजे खाली बस. मॅडम ताट हातात घेऊन खिडकीशी उभ्या राहून जेवायच्या. लग्न का केलं नाही, असं मी त्या वयाच्या आगाऊपणानं विचारलं, तर आई हसून कानडीत काही म्हणाल्या. मॅडमनी भाषांतर केलं, की बोहल्यावर ही उभी राहिली असती, पण बसली नसती.

गणितात माझी दांडी उडाली. मी कॉम्प्युटर सोडला, रक्त-लघवी तपासायचा कोर्स केला आणि उमरग्यातच हायवेलगतच्या एका लॅबमध्ये लागले. तिथल्या डॉक्टरांनी रक्तपेशी मोजायचं एक मशीन घेतलं होतं. रक्ताची नळी लावली की मिनिटाभरात ते कॉम्प्युटरकडं एक लांबलचक ओळ पाठवायचं. पेशंटचा नंबर, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, सगळे आकडे स्वल्पविराम देऊन, आणि मधे मधे चांदण्या, प्रश्नचिन्हं, इंग्रजी अक्षरं. त्या ओळीतून रिपोर्ट काढून देणारं काही नव्हतं, मी हातानं उतरवायचे. डॉक्टरांना मीच मॅडमचं नाव सुचवलं.

कॉलेज सुटल्यावर त्या यायच्या. चार-पाच दिवसांत प्रोग्राम चालू झाला, पण त्यांचं समाधान होईना. कॉम्प्युटरला मुद्दाम नुसते स्वल्पविराम पाठवून बघायच्या. अर्धी ओळ आली की वायर उपटायच्या. येडं गिऱ्हाईक कधीतरी येणारच, तर आधी आपणच येडं व्हावं, असं म्हणायच्या. बाहेर बाकावर बसलेले पेशंट या वायर उपटणाऱ्या बाईकडं काळजीनं बघायचे.

सुरुवातीला रिपोर्टवर त्या चांदण्या आणि अक्षरं जशीच्या तशी यायची. लोक घाबरायचे. एक निवृत्त गुरुजी आकड्यापुढची चांदणी पाहून थेट सोलापूर गाठून आले. तिथं काही निघालं नाही. परत येऊन त्यांनी भरल्या लॅबमध्ये आमची खरडपट्टी काढली. मी तिरीमिरीत मॅडमना फोन केला, ही घाण काढून टाका, नुसते आकडे राहू द्या म्हणून. त्यांनी विचारलं, ही चिन्हं असतात कशाची? माझ्यासमोर रांग होती. मी म्हटलं, काही नाही मॅडम, मशीनची बडबड आहे.

"पुढं," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी येऊन त्यांनी प्रोग्राममध्ये एक अट घातली. जे टोकन आकड्यानं सुरू होत नाही, ते नको असलेलं, ते टाकून द्यायचं. दुसऱ्या दिवसापासून रिपोर्ट स्वच्छ, देखणे यायला लागले.

मला काही माहीत नव्हतं असं नाही. कोर्समध्ये शिकवलं होतं, की अशी खूण म्हणजे मशीनला शंका आली आहे. रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यानं बघा. पण मशीनच्या छोट्या पडद्यावर खुणा दिसतातच की, असं मी मनाला सांगितलं होतं. आणि हळूहळू त्या पडद्याकडं बघायचंच सोडून दिलं होतं.

फेब्रुवारीत एका सकाळी प्रिंटर बिघडला. रिपोर्ट हातानं लिहायचा म्हणून मी मशीनच्या पडद्यापुढं बसले, आणि एका पेशंटच्या पांढऱ्या पेशींपुढं शब्द दिसला: कोवळ्या पेशी, आणि पुढं प्रश्नचिन्ह. कॉम्प्युटरवरच्या रिपोर्टात तिथं काहीच नव्हतं. पुऱ्या न वाढलेल्या पेशी रक्तात उतरणं हे मोठ्या दुखण्याचं लक्षण असू शकतं. अशा किती खुणा आल्या असतील आणि गेल्या असतील?

मी फोन केला तशा मॅडम दहा मिनिटांत आल्या. केस ओले, पाठीवरचं ब्लाउज भिजलेलं. मी सांगायला लागले. खुणा म्हणजे काय, कोर्समध्ये काय शिकवलं होतं, मी काय केलं. लांबण लावली, रडलेही. त्या दिवशी त्यांनी हात वर केला नाही.

मग त्यांनी कॉम्प्युटरवर एक फाईल उघडली. तिचं नाव 'मूळ'. मशीनकडून आलेली प्रत्येक ओळ कापायच्या आधी त्यांचा प्रोग्राम तिची नक्कल या फाईलमध्ये ठेवत होता, पहिल्या दिवसापासून. आम्हाला त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही कधी विचारलं नव्हतं. उभ्या उभ्याच त्यांनी एक छोटा प्रोग्राम लिहिला. टाकून दिलेली सगळी टोकन पेशंटच्या नंबरासकट खाली खाली यायला लागली. बहुतेक बिनमहत्त्वाची होती. आकडा जास्त आहे, कमी आहे एवढं सांगणारी. शंकेची खूण असलेल्या ओळी सात निघाल्या.

डॉक्टर आले. शांत माणूस, पण चेहरा उतरला. या खुणा कुणी काढायला लावल्या, असं त्यांनी विचारलं. मी तोंड उघडलं. शब्द निघायच्या आधी मॅडम म्हणाल्या, "मी काढल्या."

सातांपैकी सहा जण, त्या सकाळचा पेशंट धरून, उमरग्याच्या आसपासचे. दोन दिवसांत सगळ्यांना बोलावून रक्त घेतलं, काचा पाहिल्या. सहाही ठीक होते. सातवी कोंडाबाई. आमच्या वहीत तिच्या नावापुढं फक्त 'अणदूर' लिहिलेलं. फोन नाही. नात्यातल्या लग्नाला उमरग्याला आली होती, मांडवात चक्कर आली म्हणून कुणीतरी आणलं होतं. पांढऱ्या पेशी वाढलेल्या पाहून इथल्या कुणा डॉक्टरनं जंतूंवरची औषधं देऊन पाठवलं होतं. तिच्या ओळीत तोच शब्द होता, कोवळ्या पेशी. डॉक्टर म्हणाले, निरोप धाडू, आरोग्य केंद्राला कळवू. मॅडमनी मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पहिल्या गाडीला स्टँडवर हजर. मी सुया, नळ्या, काचा घेऊन सोबत गेले.

अणदूरला उतरलो तेव्हा खंडोबाच्या देवळापुढं भंडाऱ्याची दुकानं नुकती मांडत होते. मॅडम एकेका दुकानदाराला विचारत सुटल्या. एका बाईनं ओळखलं. कोंडाबाई मेंढरांमागं राहणारी, ती आणि तिचं माणूस मेंढरं घेऊन कळंबाकडं गेलीत, रानात बसवायला. खतासाठी शेतकरी मेंढ्या रानात बसवून घेतात. आज या रानात, परवा त्या. दीर घरी होता. त्यानं लेकाचा नंबर दिला, तो बंद. म्हणाला, कळंबच्या अलीकडं कुठंतरी असतील, तुरी निघाल्यात त्या रानांत.

तुळजापूरची गाडी, मग धाराशिवची, मग कळंबची. प्रत्येक गाडीत जागा होती, आणि प्रत्येक गाडीत मॅडम दांडी धरून दारापाशी उभ्या. कंडक्टर कंटाळला. येडशीच्या पुढं मी उठून त्यांच्याजवळ गेले. म्हटलं, डॉक्टरांना खरं सांगायला हवं होतं. बडबड हा शब्द माझा होता.

"शब्द तुझा. विचारलं मी, आणि उत्तर पुरं ऐकलं न्हाय मी. कोड माझा हाय."

मग कळंब येईपर्यंत त्या नुसत्या अंगठ्यानं दांडी घासत राहिल्या.

कळंबच्या बाजारात धान्याच्या गाड्या उतरत होत्या. तिथं शेतकरी भेटणार, म्हणून मॅडम आधी तिथं घुसल्या आणि कुणाच्या रानात मेंढरं बसलीत, हेच विचारत फिरल्या. तिसऱ्या-चौथ्या माणसानं बोट दाखवलं. तिथून तास-दीड तास चाललो. उन्हं कलायला लागली होती, तेव्हा जाळी लावलेला तळ दिसला.

कोंडाबाई एका मेंढीपाशी बसली होती. मेंढी वीत होती. पन्नाशीची बाई, गालफडं बसलेली, हातातल्या पाटल्या सैल होऊन कोपरापर्यंत गेलेल्या. मॅडमनी उभ्या उभ्याच सुरुवात केली, की मावशी, तुमच्या रिपोर्टात माझ्या हातनं एक गोष्ट राहून गेली. कोंडाबाईनं वर पाहिलं आणि मेंढीकडं हात दाखवून आधी खाली बसायला सांगितलं, ती बुजतिया म्हणून. बिराजदार मॅडम ढेकळांत मांडी घालून बसल्या.

कोकरू बाहेर आलं, उभं राहिलं, आईच्या आचळाला लागलं. मग कोंडाबाई बोलायला लागली, आणि बोलतच राहिली. लग्नातली चक्कर, त्या नवऱ्या मुलीचा सासरा, उमरग्याची इंजेक्शनं, वाटेत मेलेला कुत्रा, लेकाचा बिघडलेला मोबाईल, औंदा कमी निघालेली लोकर. मला राहवेना. मी मॅडमच्या हाताकडं बघत होते, आता वर होईल, आता वर होईल. तो मांडीवरच राहिला. आणि त्या सगळ्या पसाऱ्यात, कुत्र्याच्या आणि लोकरीच्या मधे कुठंतरी, कोंडाबाई म्हणाली, "आन् खाया बसलं की दोन घासात प्वाट भरतंय. डाव्या कुशीत दगुड ठिवल्यागत जड लागतंय."

मी दचकले. कोवळ्या पेशी आणि डाव्या कुशीतली पाणथरी, म्हणजे प्लीहा, सुजणं, हे एकत्र काय सांगतं ते मला माहीत होतं. मॅडमना माहीत नव्हतं, पण माझा चेहरा त्यांनी पाहिला. तरी त्यांनी तिला तोडलं नाही. लोकरीचं पुरं होऊ दिलं. मग काय राहून गेलं होतं आणि ते कुणामुळं, हे सरळ सांगितलं.

कोंडाबाई थोडा वेळ कोकराचं अंग पुसत राहिली.

"म्या मरनार हाय का, बाई?"

"ते मला माहीत न्हाय मावशी. माहीत व्हावं म्हणूनच आलो."

तिनं पाटल्या वर सारल्या आणि हात पुढं केला. म्हणाली, उजेड हाय तवर घ्या. मी रक्त घेतलं, तिथंच काचांवर पसरलं, वाऱ्यावर वाळवलं. निघताना मॅडमनी रानाच्या मालकाचा नंबर दोनदा लिहून घेतला. एक माझ्या वहीत, एक स्वतःच्या हातावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी काचा पाहिल्या आणि कोंडाबाईला बार्शीला न्यायला सांगितलं. लेकानं नेलं. रक्ताचा कर्करोग निघाला, पण रोजच्या गोळीवर वर्षानुवर्षं दाबून ठेवता येतो त्या जातीचा. गोळी लागू पडली. मधे गेलेल्या त्या काही आठवड्यांनी फारसा फरक पडला नाही, असं तिथले डॉक्टर म्हणाले. आमच्या डॉक्टरांनी मॅडमना मुद्दाम बोलावून हे सांगितलं, त्यांच्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून.

"हे आज कळलं, डॉक्टर," त्या दारातूनच म्हणाल्या. "त्या दिवशी माहीत नव्हतं." आणि गेल्या.

प्रोग्राम त्यांनी त्याच आठवड्यात बदलला. आता काहीच टाकलं जात नव्हतं. अनोळखी टोकन आलं की रिपोर्ट अडायचा, आणि त्याचा अर्थ काय, कुणी पाहिला, हे मी माझ्या नावासकट लिहीपर्यंत पुढं सरकायचा नाही. शिवाय रोज दुपारी त्यांचा फोन. आज काय अडलं, काय लिहिलंस, काच केलीस का. पहिले दोन महिने मी भक्तिभावानं उत्तरं दिली. मग कंटाळले. एकदा गर्दीत मी त्यांना म्हटलं, मॅडम, माझ्यावर विश्वास नसेल तर दुसरं माणूस बघायला सांगा डॉक्टरांना. मग त्या म्हणाल्या, विश्वास तुझ्यावर हाय, माझ्यावर न्हाय. त्यानंतर फोन आला नाही. मी परत केला नाही. करायला हवा होता.

जूनमध्ये तंत्रनिकेतनातून त्यांना नवा कागद आला नाही. हैदराबादला कुठल्याशा कंपनीत काम मिळालं, आईंना घेऊन त्या गेल्या. सुट्टीत इकडं येतात, कोंडाबाईला तपासणीला बार्शीला घेऊन जातात, असं कानावर यायचं. लॅबकडं मात्र त्या फिरकल्या नाहीत.

त्या गेल्यानंतर दोनेक वर्षांनी मी एसटीनं सोलापूरला चालले होते. अणदूरच्या अलीकडं गाडी थांबली. पुढं ट्रकांची रांग, हॉर्न. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. उठून पाहिलं तर मेंढरं हायवे ओलांडत होती, दोन-अडीचशे तरी असतील. आणि रस्त्याच्या मधोमध, एका मोठ्या ट्रकच्या तोंडापुढं, दोन्ही हात आडवे करून बिराजदार मॅडम उभ्या होत्या. केस बरेच पिकले होते. ट्रकवाला हॉर्न दाबत होता, त्या त्याच्याकडं बघतही नव्हत्या. पलीकडच्या कडेला कोंडाबाई काठी घेऊन मेंढरं उतारावर घालत होती. अंगानं भरली होती, मोठ्यानं काहीतरी ओरडून सांगत होती.

खिडकी उघडेना. गंजून बसलेली. कळप पार झाला, ट्रक सुटले, आमची गाडीही हलली. मी काच वाजवली, मोठ्यानं हाक मारली. मॅडम वळल्या. पण माझ्याकडं नाही. अलीकडच्या कडेला एक लंगडी मेंढी मागं राहिली होती. मॅडमनी पुन्हा हात आडवा केला आणि धावत्या गाड्यांमधून तिला आणायला निघाल्या.